गाण्याचं शेपूट

आमच्या ब्लॉगची एकच अट होती: गाणं चालू असताना तोंड बंद. अट माझी. मी घाटकोपरला एका क्लासमध्ये आठवी-नववीच्या पोरांना गणित शिकवते, त्यामुळे ‘गप बसा’ म्हणायला मला कारण लागत नाही. आणि तिला गप बसणं म्हणजे शिक्षा. ती, म्हणजे माझी मैत्रीण, ब्लॉगची दुसरी अर्धी मालकीण. राहायला मुलुंड, नोकरी अंधेरीला एका ट्रॅव्हल कंपनीत. दिवसभर फोनवर लोकांची तिकिटं बदलून द्यायची, त्यांच्या शिव्या खायच्या. इतकं बोलून माणसाचा घसा बसतो की नाही? हिचा नाही बसायचा. संध्याकाळी मेट्रोतून घाटकोपरला उतरली की जिन्यावरूनच सुरू.

कुठे कुणी नवीन गातंय कळलं की जाऊन रेकॉर्ड करायचं आणि त्यावर ब्लॉगवर लिहायचं, ही आमची कामाची पद्धत ठरलेली. फोन मी धरायचे. खालच्या टोकाला रुमाल गुंडाळायचे, म्हणजे माइकमध्ये वारा शिरत नाही. ती माझ्या खांद्याला खांदा लावून उभी, ओठ घट्ट मिटलेले, डोळे मोठे. गाणं संपून टाळ्या सुरू झाल्या की वर्गातल्या पोरीसारखं बोट वर करायची आणि विचारायची, “आता बोलू?”

मी मान हलवली की सुटायचीच.

घरी येऊन मी फाइल साफ करायला बसायचे. सुरुवातीचं खाकरणं, खुर्च्यांची खरखर, आणि शेवटी टाळ्यांच्या वर चढलेलं तिचं ते ‘आता बोलू?’ सगळं कापायचे. त्याला आम्ही शेपूट म्हणायचो. “शेपूट कापलंस?” ती मेसेज करायची. “कापलं.” “बिचारं.” मग स्वच्छ झालेलं गाणं ब्लॉगवर चढायचं, आणि फोनमध्ये जागा हवी म्हणून मूळ फाइल मी उडवायचे. वर्षानुवर्षं हेच. शेपूट ते शेपूट, त्यात ठेवण्यासारखं काय असतं?

एकदाच ती म्हणाली होती, “मला पण ठेव की गं कधीतरी एखाद्या गाण्यात.” मी म्हटलं, तू गाणं शीक, ठेवते. दोघी हसलो आणि वडापाव घ्यायला गेलो.

बँड आम्हाला सापडला भांडुपला, तिच्या मावशीच्या चाळीत. सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा होती. हळदीकुंकू झालं, मुलांची बक्षिसं वाटून झाली, आणि ठरलेला ऑर्केस्ट्रा काही पोचेना. माइक रिकामा राहू नये म्हणून कमिटीवाल्यांनी तिघांना स्टेजवर ढकललं. मधला गायक, पन्नाशी ओलांडलेले एक काका, शाळेची बस चालवणारे. बाप गिरणीत होता, गाव मालवणकडचं. एका बाजूला त्यांचा भाचा, गिटार घेऊन. आणि दुसऱ्या बाजूला बेंजो. बेंजो म्हणजे आपला, मिरवणुकीतला, बटणं दाबून वाजवायचा. आणि वाजवणारा कोण? आमच्याच वस्तीतला दादा! जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर बसून सगळ्या घाटकोपरला नाचवणारा माणूस. त्या दिवशी तोच बेंजो तो इतका हळू वाजवत होता, की पुढच्या रांगेतल्या बायकांनी ताटातले लाडू खायचे थांबवले.

गाणी काकांची स्वतःची. साधी. रात्रपाळीवरून येणारा नवरा आणि दिवसपाळीला निघालेली बायको जिन्यात भेटतात, एवढंच एक गाणं. दुसरं, गावाहून आलेल्या फणसाचं, जो शेवटी वाटून खायला माणसंच नसतात. आवाज खरखरीत, थकलेला. गाता गाता माणूस मध्येच पाणी प्यायचा विचार करतोय असं वाटावं, पण सूर हलत नव्हता.

मी तेव्हा परदेशातलं अल्ट-कंट्री ऐकून ऐकून येडी झाले होते. म्हणजे बघा, अमेरिकेत कंट्री नावाचं गाणं असतं. टोप्या, घोडे, ट्रक, सगळं चकचकीत. आणि त्याच्या मागच्या दाराने एक दुसरं गाणं येतं. गिटार तीच, पण माणूस हरलेला, गाव सुटलेलं, ट्रक बंद पडलेला. मला ते का आवडायचं हे मला कधी सांगता आलं नव्हतं. त्या चाळीच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मला ते कळलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी ही बाई ओठ मिटून लालबुंद झालेली. टाळ्या पडल्या, बोट वर. “आता बोलू? यार, हे काय होतं? हे काय होतं गं?”

आम्ही काकांना गाठलं. मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “काका, तुम्ही जे गाता ना, त्याला अल्ट-कंट्री म्हणतात.”

“कंट्री?” काका म्हणाले. “म्हणजे कंट्री बार?”

“जवळपास तेच,” ती म्हणाली.

“मी आपलो गातंय गे पोरींनो. नाव तुमी काय्येक द्या.”

झालं. त्या दिवसापासून आमचा ब्लॉग म्हणजे त्या तिघांचा भोंगा झाला. त्याआधी आम्ही बऱ्याच गाण्यांवर लिहायचो, नंतर बाकीचं सुटतच गेलं. स्तुती ती लिहायची, भांडण मी. तिने लिहावं, ‘हा आवाज ऐकून मला माझ्या बाबांचा डबा आठवला.’ मी लिहावं, ‘ज्यांना हे ऐकू येत नाही त्यांनी कान तपासून घ्यावेत.’ पुण्याचे एक गृहस्थ दर वेळी कमेंट करायचे, की हे म्हणजे वाट चुकलेलं भावगीत आहे, यात नवीन ते काय. मी त्यांना असं काही उत्तर ठोकायचे की ती मला फोन करून सांगायची, “अगं, आपल्याला वाचणारी माणसं आहेतच किती, त्यातला एक कशाला हाकलतेस?” खरं होतं ते. आमचे वाचक म्हणजे तिची मावशी, माझे दोन सहकारी, पुण्याचे गृहस्थ, आणि असेच विखुरलेले काही भले लोक.

पण आम्ही हटलो नाही. मुलुंडला कुणाच्या साठीला ते गायले, आम्ही हजर. बँकेतल्या कुणाचा निरोप समारंभ, आम्ही हजर, आमंत्रण नसताना, समोसे खाऊन. अंधेरीचा, संगीतावर लिहिणारा एक नावाजलेला माणूस आम्ही पाठी लागून लागून एकदा आणला. तो बँड सुरू होण्याआधीच पार्किंगचं कारण सांगून सटकला. त्याच्या गाडीच्या दिशेने तिने जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मालवणीत होतं आणि फार छान होतं.

माझा विश्वास होता की एक दिवस लोक ऐकतील. तिचा विश्वास वेगळा होता. ती म्हणायची, लोकांचं सोड, काकांना कळलं पाहिजे की कुणीतरी नीट ऐकलं.

शेवटचं गाणं आम्ही ऐकलं ते खारदांड्याला, एका हळदीत. कोळ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी गोष्ट. बेंजो दादाच्या पार्टीला वाजवायची सुपारी होती. पाहुणे जेवायला बसले, नाच थांबला, तेवढ्यात दादाने काकांना माइक दिला. संध्याकाळ होती. एका बाजूला बोंबील वाळत घातलेले, समुद्रावरून खारा वारा सुटलेला, मी फोनला दोन रुमाल गुंडाळले. काकांनी सांगितलं, नवीन गाणं आहे, पहिल्यांदाच म्हणतो, चुकलं तर जेवण सोडू नका.

माणूस बऱ्याच वर्षांनी गावच्या घरी जातो, त्याचं गाणं. घर बंद. तो ओट्यावर बसतो, कुलूप उघडत नाही. आत शिरायचा धीर होत नाही त्याला. शेजारीण तांब्याभर पाणी आणून देते. आणि मग ती ओळ येते: ‘कुलूप माझं, चावी माझी, पाणी शेजाऱ्याचं.’ बेंजो तिथे अगदी थांबतो.

आणि त्या थांबलेल्या जागेत ही बोलली! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिला राहवलंच नाही. “अगं बाई,” ती म्हणाली, माझ्या फोनला जवळजवळ तोंड लावून. “ऐकलंस? ऐकलंस काय म्हणाला?”

“गप!” मी म्हटलं.

गाणं संपलं मात्र, बेंजो पार्टीच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, ताशा कडाडला, आणि मी वैतागून फोन बंद केला.

परत येताना रिक्षात मी तिच्याशी बोलत नव्हते. “वाट लावलीस रेकॉर्डिंगची,” एवढंच म्हटलं. ती माझ्या दंडाला चिमटे काढत होती. “सॉरी ना गं. पुढच्या वेळी तोंडाला चिकटपट्टी लावून येते. शपथ. पुन्हा गातीलच ना काका, मरतायत थोडेच.”

काका मेले नाहीत. पुन्हा गायलेही नाहीत. काही दिवसांनी त्यांचा आवाज बसला, आधी औषधं झाली, मग तपासण्या झाल्या, आणि मग घशाचं ऑपरेशन. जीव वाचला, आवाज काढून टाकावा लागला. पण हे सगळं होईपर्यंत ती नव्हती. ती आधीच गेली.

डेंग्यू. हे मी एका शब्दात लिहिते, कारण याहून जास्त मला लिहिता येत नाही. ताप आला, साधा वाटला, प्लेटलेट उतरल्या, ॲडमिट केलं. तिथून मला मेसेज: ‘यार, इथे बोलूच देत नाहीत. सगळे टीचर आहेत.’ मी हसायचा चेहरा पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर्गात वर्तुळाचं प्रमेय शिकवत होते, फोन सायलेंटवर होता. वर्ग सुटल्यावर बघितलं तर तिच्या भावाचे कॉलच कॉल. मी परत फोन केला, आणि तो नुसता रडला.

मी ब्लॉग बंद नाही केला. उघडलाच नाही. त्यात फरक आहे.

तिच्या आईकडे मात्र जात राहिले. मुलुंडला, रविवारी. आधीही जायचेच, त्या घरात मी इतकं जेवलेय की माझी ताटली वेगळी ओळखू येते. आई मासे तळायची, सोलकढी द्यायची, आणि आम्ही दोघी तिच्याविषयी सोडून सगळ्याविषयी बोलायचो. मग एका रविवारी हात पुसत आई माझ्यासमोर येऊन बसली.

“तुमी दोघी एवढ्या गाण्यांका जायत होतात,” आई म्हणाली. “तिचो आवाज आसतलो मा तुझ्या फोनात? माका जरा ऐकव गे. मी विसरतंय.”

मी विसरतंय. असं म्हणाली. मुलीचा आवाज आई विसरत होती, आणि तिला त्याची भीती वाटत होती, आणि तिला वाटत होतं की माझ्याकडे तर नक्कीच असेल. का वाटू नये? फोन माझ्याच हातात असायचा ना.

मी म्हटलं, शोधते. घरी येऊन सगळं उपसलं. ब्लॉगवरची सगळी गाणी पुन्हा ऐकली, शेवटपर्यंत. प्रत्येक गाणं टाळी वाजायच्या आत कापलेलं. काय सफाईने कापलं होतं मी! एकाही जागी तिचा श्वाससुद्धा सापडेना. व्हॉइस नोट ती पाठवायची नाही, म्हणायची मशीनशी कसलं बोलायचं, बोलायचं तर फोन कर. भावाच्या लग्नाचा व्हिडिओ होता, त्यात ती नाचतेय, बोलतेय, पण वर डीजे, एक अक्षर ऐकू येत नाही. तिच्या ऑफिसात कॉल रेकॉर्ड व्हायचे म्हणून तिथे विचारलं. ते भले होते, त्यांनी चहा पाजला, पण जुने कॉल ठेवत नाहीत म्हणाले. दिवसभर बोलणारी बाई, आणि तिचा आवाज कुठेच नाही. मी घरात एकटी बसून स्वतःला शिव्या घातल्या.

मग सापडलं ते खारदांड्याचं. बिघडलेलं म्हणून साफ केलं नव्हतं, साफ केलं नव्हतं म्हणून चढवलं नव्हतं, चढवलं नव्हतं म्हणून उडवलं नव्हतं. मी ऐकलं. समुद्र, काका, बेंजो, आणि अचानक, कानाच्या आत, ती. ‘अगं बाई. ऐकलंस? ऐकलंस काय म्हणाला?’ आणि लगेच मी. ‘गप!’

एवढंच. पुढे गाणं, मग शिट्ट्या-फटाके-ताशा, संपलं.

हे मी कुठल्या तोंडाने नेऊन ऐकवणार होते आईला? आई, तुमच्या मुलीचा एवढाच आवाज उरलाय, आणि बघा, मी तिला गप केलंय. मी रविवारी जाणं टाळायला लागले. क्लासचं कारण सांगायचे.

त्याच सुमाराला बेंजो दादाचा फोन आला. “ऐक ना, काकांचं ते कुलपाचं गाणं. त्या दिवशी एकदाच म्हटलं होतं त्यांनी. तुझ्याकडे रेकॉर्डिंग आहे ना?”

“आहे.”

“मग दे की. काकांची सगळी गाणी एकत्र काढतोय आम्ही. आता पुन्हा तर...”

“त्यात ती बोलतेय, दादा.”

“अगं ते काढता येतं आता. अंधेरीला एक जण आहे, मशीनवर बसून आवाज वेगळे करतो. काढून टाकेल तिला.”

काढून टाकेल तिला! मी दादाला जे काही सुनावलं ते आठवून आजही कान गरम होतात. देणार नाही म्हटलं. मेले तरी देणार नाही. ते गाणं माझं नव्हतं, हे मला माहीत होतं. पण तिचा तेवढाच आवाज जगात उरला होता आणि तो घाण म्हणून पुसायला मी स्वतःच्या हाताने देऊ? दादा बिचारा ऐकत राहिला. मला लहानपणापासून ओळखतो तो. “बरं, राहू दे,” म्हणाला.

मग एका दुपारी काका क्लासवर आले. वर्ग नुकताच सुटला होता, पोरं धक्काबुक्की करत बाहेर पडत होती, आणि काका दाराशी उभे. गळ्याभोवती स्वच्छ पांढरा रुमाल. ते पहिल्या बाकावर बसले, पोरांच्या त्या अरुंद बाकावर, गुडघे वर आलेले. मी पाणी दिलं. आवाज नव्हताच, त्यामुळे इकडचं तिकडचं काही बोलणं नाही. त्यांनी फक्त कानाला हात लावला आणि माझ्या फोनकडे बघितलं.

मला वाटलं, आता मागणार. मी भांडायच्या तयारीत होते.

मी इअरफोन दिले. काका स्वतःचं गाणं ऐकत बसले. ओठ हलत होते. त्या ओळीपाशी आले, तिचं ‘अगं बाई’ आलं असणार, कारण त्यांचा चेहरा एकदम उजळला. मग माझं ‘गप’ आलं, आणि काका हसले. खांदे हलत होते, तोंड उघडं, पण आवाज शून्य. माझ्याकडे बोट दाखवून हसले. शेवटपर्यंत ऐकलं, इअरफोन काढले, फोन दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले. मागितलं काहीच नाही.

मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण ते रुमाल सारखा करत जिना उतरले आणि मी त्या रिकाम्या वर्गात हमसून हमसून रडले. तिचा आवाज गेला म्हणून मी आकांत मांडला होता, आणि स्वतःचा आवाज गेलेला माणूस तो एकदा ऐकून, हसून, घरी गेला. तिला काय वाटलं असतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. “येडी आहेस का? दे ना गं त्यांचं गाणं त्यांना!” अस्सं म्हणाली असती.

अंधेरीच्या त्या माणसाची खोली अगदी लहान होती, दोन खुर्च्या आणि एसी. त्याने ऐकलं, म्हणाला, सोपं आहे. बाईंचा आवाज फोनच्या अगदी जवळ आहे आणि गाणं लांब, त्यामुळे सुटेल. मी दुसऱ्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले. स्क्रीनवर त्याने रेषा इकडच्या तिकडे केल्या. मग मला गाणं ऐकवलं. समुद्रसुद्धा नव्हता त्यात. कुलूप माझं, चावी माझी, पाणी शेजाऱ्याचं. बेंजो थांबला, आणि ती जागा रिकामी राहिली. काय सुंदर वाटत होतं. मला ते सहन होत नव्हतं.

“वारा-फटाके आधीच उडवले, हा उरलेला फोनजवळचा कचरा,” तो म्हणाला, स्क्रीनवरची दुसरी पट्टी दाखवत. “डिलीट?”

“हात लावू नका,” मी म्हटलं. बिचारा दचकला. त्याला काय माहीत. मी दोन्ही फाइली घेतल्या, कचरा न ऐकता.

गाणं मी ब्लॉगवर चढवलं. बऱ्याच दिवसांनी ब्लॉग उघडला, खाली तिच्याशिवाय चार ओळी लिहिल्या. आणि बाई गं, चाललं ते! कुणी कुणाला पाठवलं कुणास ठाऊक, पण जिकडेतिकडे वाजायला लागलं. इतकी वर्षं आम्ही दोघी घसा फोडून सांगत होतो, तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. आता अंधेरीच्या त्या पार्किंगवाल्यानेही लिहिलं, की असा आवाज आपल्या उपनगरांत होता आणि आपल्याला पत्ताच नव्हता. पुण्याच्या गृहस्थांनी लिहिलं, ‘माझे शब्द मागे घेतो.’ काकांना लोक भेटायला जायला लागले, दादा फोनवर रडला. आणि कमेंटमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा यायची: किती स्वच्छ रेकॉर्डिंग! त्या ओळीनंतरची ती शांतता तर केवळ अप्रतिम!

ती शांतता. मी प्रत्येकाला ‘धन्यवाद’ लिहिलं.

पुढच्या रविवारी मुलुंडला गेले. आईने इतके दिवस का आली नाहीस विचारलं नाही, ताट वाढलं. जेवण झाल्यावर मी म्हटलं, “आई, मिळालाय आवाज. पण अगदी थोडा आहे. आणि त्यात मी तिला ओरडलेय.”

“तू तर रोजच आरडत होतंस,” आई म्हणाली. “लाव.”

मी फोन टेबलावर ठेवला, मीठ-लिंबाच्या वाटीशेजारी, आणि कचरा लावला. मीही तो पहिल्यांदाच ऐकत होते. आधी काहीच नाही. मग बारीक श्वास, तिचा की माझा कळेना. बांगडी वाजली. बांगडी तिचीच, मी घालत नाही. आई पुढे वाकली.

‘अगं बाई. ऐकलंस? ऐकलंस काय म्हणाला?’

आईने तोंडावर पदर धरला.

‘गप!’

“तूच गे ती,” आई पदराआडून म्हणाली, आणि हसली, आणि डोळे वाहत होते.

मी बंद करायला हात पुढे केला. पुढे काही नव्हतंच, मला माहीत होतं. आईने माझा हात धरला. “ऱ्हवांदे,” म्हणाली. तशाच बसलो. पुढचं सगळं गाणं तिथे नुसता श्वास होता. गप म्हटल्यावर ती खरंच गप राहिली होती, एक शब्द नाही, माझ्या शेजारी उभी. खाली कुणीतरी स्कूटर काढत होतं. मग अगदी शेवटी, जिथे मूळ रेकॉर्डिंगमध्ये शिट्ट्या आणि फटाके आणि ताशा होता, आणि जिथे मला कधीच काही ऐकू आलं नव्हतं, तिथे, स्वच्छ, खोलीत बसून बोलावं तसं:

‘आता बोलू?’

आईने फोन उचलला आणि तोंडाजवळ धरला.

“बोल गे बाय,” ती म्हणाली. “बोल.”

रेकॉर्डिंग तिथेच संपतं. मी तिथेच बटण दाबलं होतं.